बलून फाटला नाई!

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि मोटारीच्या मागच्या चाकाजवळ जाऊन बसा. वर गाडीचे ओझे, खाली खड्ड्यांचा रस्ता, आणि मधे तुम्ही, पोटात हवा भरून. जमले? मग आता तुम्ही मी झालात. मी एक जुना रबरी बलून आहे. लोखंडी स्प्रिंगच्या जागी बसून, हवेच्या जोरावर गाडी तोलून धरणे हे माझे काम.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. रबराच्या थरांत धागे घालून मला घडवले, पाण्यात बुडवून पारखले. तेव्हापासून मी नाचणगावच्या हिरालाल आजोबांच्या गाडीत आहे. दुकानात कापडाचे गठ्ठे उचलून आजोबांच्या मणक्याचे ऑपरेशन झालेले. दुसऱ्या कुठल्याही गाडीत ते कण्हतात. या गाडीत पेंगतात. "पाळणा हाय हा," ते म्हणत, आणि मी आणखीच फुगे.

भाऊबीजेच्या सकाळी आजोबा अल्लीपूरला, धाकट्या बहिणीकडे, आनंदाबाईंकडे निघाले होते. हा नेम त्यांनी कधी चुकवला नव्हता. नात आचल सोबत होती. तिच्या बाबांनी गाडी सुरू केली, आणि फुस्स! माझी हवा गेली. गाडीचा मागचा उजवा कोपरा खाली बसला.

पुलगावहून ऋतिक मिस्त्री आला. "काकाजी, बलून फाटला असंन. जुना झाला आता. नवा नागपूरहून मागवा लागन, दोन दिवस."

"भाऊबीज दोन दिवस थांबते काय बाप्पा? एसटीनं गेलो तं मी अल्लीपूरले जाईन, कंबर वाटेत देवळीतच उतरन!"

मी फाटलो नव्हतो. पण बलूनचे कोण ऐकणार?

ऋतिक मात्र तपासल्याशिवाय कोणाला भंगारात टाकणारा नव्हता. त्याने गाडी जॅकने उचलली, खाली आधाराला लोखंडी घोड्या लावल्या, मगच चाक काढले. बसलेल्या गाडीखाली तसाच हात घालायचा नसतो, मित्रांनो.

"चारही कोपरे बसले असते तं हवा भरणारा कॉम्प्रेसर गेला म्हटलं असतं," तो म्हणाला. "एकच बसला, म्हंजे गळती इथंच. आचल, साबणाचा फेस आण."

गाडी सुरू ठेवून त्याने माझ्या घडीघडीवर फेस लावला. एक बुडबुडा आला नाही! मग माझ्याकडे येणाऱ्या हवेच्या नळीवर लावला. तिथे फुगेच फुगे.

"बलून तं पास झाला!"

नळीभोवती गंजक्या तारांचा गुंता होता. आचलची आजी, सुलोचना आजी, दर शनिवारी दुकानाला बिब्बा-लिंबू बांधत, तसे गाडीलाही बांधत, चाकामागे, गुपचूप. लिंबू वाळून गळून पडे. तार तिथेच राही. उतरलेल्या नजरेला हात लावायचा नाही, म्हणून जुनी तार त्या काढत नसत. हादऱ्याहादऱ्याने त्या तारांनी नळी कापली होती.

"काकू, तुमच्या तारीनंच नजर लावली," ऋतिक हसला. "पण मी नाई काढत हे. माही माय घरात घेणार नाई मले."

"मी बी नाई," आजी मागे सरकल्या.

आजोबा रस्त्याकडे पाहत म्हणाले, "आनंदा ताट घेऊन बसली असंन."

आचलने पक्कड उचलली. "काऊन भेता एवढे? लिंबं तं आपल्याच झाडाची होती."

कट, कट. तारा खाली पडल्या. ऋतिकने नळीचा कापलेला तुकडा काढून जोड बसवला आणि चाक चढवले. कॉम्प्रेसर घुमला. माझ्या पोटात हवा आली आणि मी गाडी उचलली, आजोबांसकट!

तेवढ्यात आजी नवे बिब्बा-लिंबू घेऊन चाकाकडे वाकल्या. मित्रांनो, जो आपला भार वाहतो, त्याच्या गळ्यात आपण काय बांधतो, हे कधीतरी वाकून पाहावे.

आचलने आजींच्या हातात सुताचा दोरा दिला. "आजी, तारीत नको. यात ओवजो."

आजींनी पुटपुटत ओवले. आचलने ते गाडीच्या पुढच्या जाळीला दोन गाठी मारून बांधले. मग ती मागे आली, गुडघे टेकले आणि चाकामागे एकदा नीट बघून घेतले.