वजनकाटेवाल्याचा पश्चात्ताप

त्या ख्रिस्ती मंडळीतली माणसं एकमेकांना चेहऱ्यापेक्षा पाठीवरून जास्त ओळखत, असं सांगतात, आणि सांगणाऱ्याने फार मोठी थाप मारलेली नाही. नियमच तसा होता. ज्याला मंडळीतून काढलं त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या हातचं खायचं नाही, तो समोर आला की पाठ फिरवायची. रस्त्यात भेटला तर रस्त्यात, जिन्यात भेटला तर जिन्यात. एक जण तर म्हणे शिडीवर उभा राहून भिंत रंगवताना गर्रकन फिरला आणि पाय मोडून बसला. दवाखान्यातही तो महिनाभर भिंतीकडे तोंड करून निजला, कारण शेजारच्या खाटेवर काढलेला मेहुणा होता.

काढायची रीत अगदी सोपी. रविवारी प्रार्थना आटोपली की प्रमुखाने नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी हात वर करायचे. प्रमुख होते काटेकाका. दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि धंद्यातला काटेकोरपणा त्यांनी देवाच्या कामातही आणला होता. स्वतःच्या मुलीचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी ते स्वतःच घेतलं. आवाज हलला नाही. पहिला हातही त्यांचाच वर गेला.

मुलीचा गुन्हा काय, तर तिने बाईंना सूप नेऊन दिलं. बाई म्हणजे शाळेतल्या निवृत्त बाई. फार प्रश्न विचारतात म्हणून त्यांना आधीच काढलेलं होतं. त्या तापाने फणफणल्या होत्या आणि घरात पाणी द्यायला कुणी नव्हतं.

मुलगी रफूचं काम करायची. कपड्याच्या आतल्या शिवणीतून त्याचाच धागा काढायचा आणि भोक असं भरायचं की मालकालाही सापडू नये. सगळे तिला रफूताई म्हणत. तिला काढल्यावर दोन वर्षांनी तिची आई गेली. कबरस्तानात सगळी मंडळी तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. काटेकाकाही. कोटांच्या रांगेआडून हात घालून तिने आईवर माती टाकली. बापाच्या कोटाची खांद्यावरची शिवण उसवली होती, एवढं तिला त्या दिवसाचं स्पष्ट आठवे. सुई खिशातच होती, आणि हात लावायची सोय नव्हती.

पुढे मंडळीतून बरेच जण निघाले, काही काढले गेले, काही स्वतःच बाहेर पडले. आणि काटेकाकांची आठवण गळायला लागली. आधी किल्ल्या, मग नावं, मग वर्षंच्या वर्षं. एक दिवस बाजारात बटणांच्या दुकानापाशी त्यांना मुलगी दिसली.

"अगं पोरी, किती वाळलीस," ते म्हणाले. "जेवतेस ना नीट?"

मंडळीतले तिघे तिथेच भाजी घेत होते. त्यांनी नियमाप्रमाणे पाठ फिरवली होती, त्यामुळे पाहिलं काहीच नाही, पण ऐकलं सगळं. पुढच्या रविवारी नव्या प्रमुखाने काटेकाकांचं नाव घेतलं. भराभर हात वर गेले. आजूबाजूला हात दिसल्यावर काटेकाकांनीही वर केला. जन्माची सवय. स्वतःला काढायला स्वतःचं मत देणारा तो पहिलाच माणूस असावा, आणि मतही कसं, तर कोपर ताठ करून.

दुसऱ्या दिवशी एक पिशवी आणि बाप, दोन्ही रफूताईच्या दुकानात येऊन पोचले.

दुकानामागे तिची एकच खोली होती. काटेकाका तिथे खुशाल रमले. रोज विचारत, "आई कुठंय तुझी?" ती म्हणे, "मावशीकडे गेलीय." ते म्हणत, "मग आठ दिवस तरी येत नाही. दोघी बोलायला लागल्या की घड्याळं बंद पडतात." आणि सूप फुरकत बसत.

रफूताई मात्र रमली नव्हती. इतकी वर्षं तिने एकच गोष्ट मनात धरली होती: बाप एक दिवस दारात येईल आणि म्हणेल, चुकलो. एवढा एकच शब्द. त्यानंतर काय करायचं, ते ती त्या दिवशीच्या मनःस्थितीप्रमाणे ठरवी. कधी त्याला आत घेई, कधी तोंडावर दार लावी. दोन्हींची तयारी होती. आता बाप आला होता, आणि शब्द कुठेतरी वाटेत पडला होता.

रविवारी दुपारी ती त्यांना घेऊन कात्रीदादाच्या सलूनात गेली. सलूनाला त्या दिवशी सुटी, म्हणून मंडळीतून बाहेर पडलेले तिथे जमत. प्रार्थना कमी, वाद जास्त. कात्रीदादा स्वतः, बाई, आणि एक वायरमन, ज्याला सगळे फ्यूज म्हणत, कारण तो लगेच उडायचा. कात्रीदादाने काटेकाकांना मधल्या फिरत्या खुर्चीत बसवलं, गळ्याला कापड बांधलं आणि गालांना फेस लावायला घेतला. ज्याने आपल्याला काढलं त्याच्या गळ्याशी वस्तरा घेऊन उभं राहायचं म्हणजे गंमत नव्हे. पण त्याचा हात स्थिर होता. तोंड तेवढं चालू होतं.

"आधी पश्चात्ताप, मग क्षमा," तो म्हणाला. "बायबलातल्या उधळ्या मुलाचंच घ्या. बापाचा पैसा उडवून बसला. उठला, घरी आला, कबूल झाला. मग मेजवानी."

"कबूल नंतर झाला," फ्यूज म्हणाला. "पोरगं लांबून दिसल्याबरोबर म्हातारा धावत सुटला. पोराने तोंड तरी उघडलं होतं का तोवर? तुम्ही शास्त्र वाचता की त्याची हजामत करता?"

"पोराचं तोंड घराकडे होतं. तोच पश्चात्ताप."

"आणि वधस्तंभापाशी? खिळे ठोकणाऱ्यांनी माफी मागितली होती?"

"त्यांना क्षमा कर, अशी प्रभूने पित्याला विनंती केली. ती मंजूर झाली, असं कुठे लिहिलंय ते दाखव."

"दादा, तुम्ही स्वर्गात गेलात तरी दारावर अर्जाची पोच मागाल."

बाई हसल्या. आणि तेवढ्यात फेसातून आवाज आला.

"लूक, सतरावा अध्याय," काटेकाका म्हणाले. "भावाने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा करायची. केला, तर. तो ‘तर’ कुणी गिळायचा नाही."

सकाळी काय खाल्लं ते ज्याला सांगता येत नव्हतं, त्याच्या तोंडून अध्याय असा खणखणीत आला की फ्यूजही नकळत ताठ बसला.

रफूताई पुढे झाली. "आणि बाबा, ज्याने चूक केली त्याला ती आठवतच नसेल तर?"

"मग आठवण करून द्यायची. भावाचा दोष भावाला दाखवायचा. तेही शास्त्रच."

"पोरी, नको," बाई हळूच म्हणाल्या.

"तुम्ही मधे पडू नका, बाई."

"पडणार. मला काढलं तेव्हा तूही हात वर केला होतास. मला कधी म्हणालीस, चुकले म्हणून?"

"मी सूप आणलं होतं."

"आणलंस. मीठ घालायला विसरली होतीस. मी भांडं निपटून प्यायले. आधी शब्द दे, मग चमचा धरते, असं म्हटलं का तुला?"

रफूताईने आवाज चढवला. ती बापाच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्ही मला मंडळीतून काढलंत. नाव तुम्ही घेतलंत. पहिला हात तुमचा होता."

"कुणाला काढलं?"

"मला. बाईंना सूप दिलं म्हणून. आणि आई गेली तेव्हा मी मातीला आले, तर तुम्ही माझ्याकडे पाठ केलीत."

"आई गेली?" काटेकाका म्हणाले.

इथे तिने थांबायला हवं होतं. कात्रीदादाचा वस्तरा हवेत थांबला होता. फ्यूजने डोळ्यांनी खूण केली. पण इतकी वर्षं कोंडलेलं पाणी थोडंच खुणेने थांबतं. तिने सगळं सांगितलं. कबर, कोटांची रांग, उसवलेली शिवण.

काटेकाका तिच्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर काहीतरी हेलकावत होतं, पारड्यात वजन टाकल्यावर काटा हेलकावतो तसं. मग काटा स्थिर झाला. सगळं आठवलं. रफूताई अर्धं पाऊल पुढे सरकली. शब्द आता येणार होता.

काटेकाकांनी पायाने रेटा दिला आणि खुर्ची फिरवली.

पण सलूनात दोन्ही भिंतींना आरसे. तिच्याकडे पाठ केली तर समोर तीच, तिच्यामागे तिची पाठ, त्यामागे पुन्हा ती, अशा मुलीमागे मुली पार भिंतीच्या पलीकडपर्यंत गेलेल्या. बिचाऱ्याला पाठ फिरवायला जागाच उरली नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावरच्या फेसातून वाट काढत खाली गेलं.

"दादा," ते कात्रीदादाला म्हणाले, "माझी मुलगी आहे ती. तिच्याकडे बघायचं नसतं. उरलेला गाल करून टाका."

त्यानंतर सलूनात कुणी क्षमेवर वाद घातला नाही.

संध्याकाळपर्यंत विसरतील, असं सगळ्यांना वाटलं. काटेकाका बाकीचं सगळं विसरले: सलून, बायको गेल्याचं, आपण कुठे राहतो ते. फक्त मुलीला काढलंय, हे तेवढं राहिलं. ती खोलीत आली की ते डोळे मिटून भिंतीकडे वळत. तिच्या हातचा घास घेत नसत. मग फ्यूज सकाळ-दुपार यायचा, तिने केलेलं ताट आपलं म्हणून पुढे करायचा, आणि ती दुकानात सुई हातात धरून आतल्या चमच्याचा आवाज ऐकत बसायची. त्या दिवसांत तिच्या हातून एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टचा खिसाच शिवला गेला.

मग फ्यूजला परगावचं काम निघालं. काटेकाका सकाळपासून उपाशी राहिले. दुपारी रफूताईने सलूनातला पांढरा कोट मागून आणला, बाईंचा चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि आवाज जाड करून आत गेली.

"नमस्कार काका. मी नवी बाई. कामाला लागलेय."

काटेकाकांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. "या," ते म्हणाले. "आधीचा मुलगा फार बोलायचा."

बाईंच्या चष्म्यातून तिला बाप म्हणजे नुसता ढग दिसत होता. पहिला चमचा नाकाला लागला.

"नवी आहात, होईल सवय," ते म्हणाले. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "सूप कुणी केलं? चव ओळखीची आहे."

"मीच."

"माझी मुलगी करायची. रफूही करते ती. कपडा कुठे फाटला होता ते सापडत नाही."

"भेटते का?"

"परवानगी नाही." त्यांनी पुढचा चमचा घेतला. "तिने मागितली असती, तर परत घ्यायला पहिला हात मीच वर केला असता. मी रोज वाट बघायचो. पाठ तिच्याकडे असायची, पण कान तिकडेच."

"काय मागितली असती?"

"माफी. आधी पश्चात्ताप लागतो ना. शास्त्र आहे. मी माझ्या मनाने कसं बदलू?"

रफूताईचा चमचा वाटीतच राहिला. एकाच दाराच्या दोन बाजूंना दोघं एकाच शब्दासाठी अडून बसले होते. आणि सूप देणं हे पाप नव्हतं. देवासमोर उभं केलं असतं तरी तिने हेच सांगितलं असतं. बाई ते सूप पिऊन उठल्या होत्या. त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं.

"काका," ती म्हणाली, आणि जाड आवाज कुठेतरी पातळ झाला. "ती दुकानात भेटली होती मला. म्हणाली, बाबांना सांगा, चुकले."

"स्वतः म्हणाली?"

"स्वतः."

"रडत होती?"

"नाही."

"हं. माझ्यावर गेलीय."

आणि काटेकाका रडायला लागले. लहान मूल रडतं तसे, खांदे हलवत, सूप हनुवटीवरून अंगावर सांडत. तिने वाटी खाली ठेवली. तिला स्वतःला काहीच हलकं वाटत नव्हतं. तिचा शब्द तिला मिळाला नव्हता, आणि आता मिळणारही नव्हता, कारण तो शब्द जो देऊ शकला असता त्या बापाचं ओझं तिने आत्ताच उतरवून टाकलं होतं.

बऱ्याच वेळाने काटेकाका शांत झाले. त्यांनी चाचपडत तिचा हात शोधला आणि धरला.

"ऐका, नव्या बाई. ती पुन्हा भेटली, तर मी रडलो ते सांगू नका. तिला वाटेल, बापाला इतकी वर्षं जड गेलं."

"नाही सांगणार," रफूताई म्हणाली, आणि अंदाजाने त्यांचं तोंड पुसलं.