नुसते ओठ

चार वर्षं गाण्याच्या बाईंनी तिच्या मानगुटीवर बसून एकच शिकवलं होतं: आवाज मोकळा सोड, शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला पाहिजे. तो पोचायला लागला आणि वृंदगानाच्या सरांना टोचायला लागला.

"ही एकटीच गातेय," ते सगळ्यांसमोर म्हणायचे. "बाकीचे चाळीस जण काय झोपलेत?"

तिनं आवाज निम्मा केला, तर दुसऱ्या दिवशी बाई कडाडल्या, "गळा आवळून कुठे गायलीस? घसा बसवून घ्यायचाय का?"

बाई आणि सर समोरासमोरच्या खोल्यांत शिकवायचे, पण एकमेकांशी बोलतील तर शपथ! वृंदगानात पास झाल्याशिवाय पदवी नव्हती, म्हणून ती तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होती.

कार्यक्रमाच्या दिवशी सरांनी तिला बाजूला घेतलं. "आज नुसते ओठ हलव. आवाज नको. मार्क देईन."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मार्क देईन म्हणे! गाणारीला गप्प बसायचे मार्क!

ती मंचावर दुसऱ्या ओळीत उभी राहिली आणि सांगितल्याप्रमाणे ओठ हलवू लागली. सरांना एक गोष्ट कधी कळलीच नव्हती. त्या ओळीतल्या बाकीच्या साती मुली दोन वर्षं तिच्याच आवाजाला धरून गात होत्या. मधल्या कडव्याला पियानो थांबायचा होता; तो थांबला, नुसते गळे उरले आणि ओळीचा सूर घसरायला लागला. सरांना घाम फुटला. ते तिच्याकडे बघून हात उंचावू लागले, गा, गा! तिनं त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून ओठ हलवले. त्या सातींतलीच एक, शेजारी उभी असलेली तिची धाकटी मावसबहीण, तिनं कोपरानं ढोसलं, एकदा, दोनदा. तरी हिनं ओठच हलवले. पियानो परत वाजला, तेव्हा तो एकीकडे आणि ओळ दुसरीकडे. पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

आत आल्यावर सर त्या सात जणींवर तुटून पडले. सातीजणींना नापास केलं. तिला मात्र ठरल्याप्रमाणे पास.

मावसबहीण रडत होती. "ताई, आमचा सूर खाली चाललाय ते तुला ऐकू येत होतं ना?"

"मला ओठच हलवायला सांगितलं होतं."

"ते सरांनी. मी काय सांगत होते? भांडण त्यांच्याशी होतं ना तुझं? वड्याचं तेल वांग्यावर काढलंस."

मावसबहीण उरलेल्या सहा जणींत जाऊन बसली. ताईसाठी कुणी सरकलं नाही.