पित्रातली मोटार

मेहकरचा इंद्रभान दुसऱ्याची मोटार रोजच्या भाड्याने घेऊन चिखलीच्या रस्त्यावर प्रवासी बसवून चालवायचा. तेव्हा नवी मोटार मागितली की वर्षानुवर्षे नंबर लागत नसे. त्याचा लागला, तसा त्याने भाड्याची गाडी मालकाला परत केली. अकोल्याच्या एजन्सीने कळवले होते की गाडी आली आहे, आठ दिवसांत न्या, नाहीतर नोंदणी रद्द होईल.

"पित्रात नवी गाडी आनतेत का कोनी?" त्याची आई कौशल्याबाई म्हणाली.

इंद्रभान अकोल्याला जाऊन मॅनेजरला सांगून आला, घटस्थापनेला नेतो. मॅनेजर हसून बरं म्हणाला. आणि लगेच पोस्टाने अनामत रकमेचा चेक परत आला. आपण गाडी घेण्यास नकार दिल्याने नोंदणी रद्द केली आहे, असे सोबत लिहिले होते.

तो चेक घेऊन इंद्रभान शेजारी माझ्याकडे आला. मी हायस्कुलातून निवृत्त झालेलो. कायद्याचे थोडे वाचले होते, पण दुसऱ्याला सल्ला द्यायची वेळ आली की सगळे वाचलेले डळमळते.

"वटवू नको," मी म्हणालो. "वटवलास तर रद्द कबूल केल्यासारखं होईल. बहुधा."

"बहुधा काऊन म्हन्ता गुरुजी? तुमी संगं चाला."

"मी बी येतो," कौशल्याबाई म्हणाली. "माह्यामुळं झालं ना हे."

निघालो तो दिवस नेमका सर्वपित्री अमावास्येचा. घरचे पितरांचे पान थोरल्या सुनेवर सोपवून ती एसटीत बसली. उरलेल्या रकमेचा ड्राफ्ट इंद्रभानच्या खिशात होता.

मॅनेजरने आम्हाला बसायलाही सांगितले नाही. "तुम्ही स्वतःच नको म्हणालात. मग पुढच्या गिऱ्हाइकाला दिली."

"नको नाई म्हतलं साहेब. मंग नेतो म्हतलं. तुमी बरं म्हनले."

"लेखी आहे काही?"

मी चेक टेबलावर ठेवला. बोलायचे पाठ करून आलो होतो, पण निम्मे विसरलो. "हा आम्ही घेतलेला नाही," इतकेच जमले. मॅनेजरने तो बोटाने माझ्याकडे सरकवला. मी पुन्हा त्याच्याकडे सरकवला.

"ज्यानं गाडी घेतली," कौशल्याबाईने विचारले, "त्यानं नेली का घरी?"

"नेतील ना, घटस्थापनेला."

बाजूच्या टेबलावरचा कारकून खाली मान घालून हसला.

"म्हंजे त्याईच्या घरी बी पित्र हायेत," ती म्हणाली.

"त्याईचे पितर मोठे अन् आमचे लहान, असं हाय का साहेब?" इंद्रभानने विचारले.

मॅनेजर चिडला. आता बोलायलाच हवे होते. "आणि आठ दिवस अजून संपलेले नाहीत," मी म्हणालो. "आजचा दिवस आहे. मुदत तुम्हीच दिली होती. माझं चुकत असेल तर सांगा."

त्याने भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले, मग कौशल्याबाईकडे पाहिले. त्याला वाट सापडली होती. "ठीक आहे. मग आज न्या. आत्ता. उद्यावर गेली तर नाव कटलं समजा."

इंद्रभानने ड्राफ्टसाठी खिशात हात घातला. अमावास्येला, तीही सर्वपित्री, आईला नव्या गाडीत बसवायचे? त्याने खिशातला हात बाहेरच काढला नाही.

"माय, तू म्हनशील तसं."

तिने डोक्यावरचा पदर नीट केला. "आज सोडली तं हा उद्या देनार नाई. पितराईले मी सांगीन काय सांगाचं ते. ड्राफ्ट दे त्याले."

कागद होईपर्यंत दुपार कलली. मॅनेजरने चेक मुकाट्याने फाइलला लावला. गोदामातून गाडी आली, तेव्हा कारकुनाने कुठून तरी नारळ आणला. कौशल्याबाईने तो परत दिला. "आज नाई."

ती पुढे बसली, मी मागे. एसटी स्टँडजवळ गर्दी होती. इंद्रभानला ओळखणाऱ्या दोघांनी हात केला. "मेहकर का रे?"

त्याने सवयीने ब्रेक लावला, मग आईकडे पाहिले.

"बसू दे त्याईले," कौशल्याबाई म्हणाली. "पन आज भाडं घेऊ नको कोनापासून. धंदा घटस्थापनेपासून."