कोपऱ्यातली सुट्टी

कालिंदीला नवरा चांगला होता, सासू चांगली होती, आणि मामंजी तर इतके चांगले की वर्षातून चारदा सुनेशी बोलत आणि चारही वेळा गोड बोलत. तक्रार करावी असं काही नव्हतंच. फक्त गिरगावातल्या त्या चाळीत दोन खोल्यांमध्ये सात माणसं होती आणि कालिंदीला एक दिवस एकटं राहायचं होतं.

हे वेड तिच्या डोक्यात कधी शिरलं कोण जाणे. माहेरीही असंच भरलेलं घर. जन्मल्यापासून आजवर एका खोलीत आपण एकट्याच आहोत असं तिच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं. नळावर बायका, देवळात बायका, गॅलरीत बायका, आणि घरात आलं की तीन वर्षांची मंजुळा पदराला. पोर गोड होती, पण आई आंघोळीला गेली तरी मोरीच्या पडद्याबाहेर बसून गाणी म्हणायची. कालिंदीला कुठे जायचं नव्हतं, काही करायचंही नव्हतं. सगळ्यांनी उठून कुठेतरी जावं आणि आपण मागे राहावं, एवढंच तिचं मागणं होतं.

अशात वैशाखात दादरला मुंज निघाली. मामंजींचे धाकटे भाऊ रघुवीरराव तिकडे माडांच्या वाडीत राहत, त्यांच्या मुलाची. सगळ्या घराने पहाटे भाड्याच्या गाडीने निघायचं आणि रात्री परतायचं असं ठरलं. कालिंदीला त्यात नवं काही नव्हतं. इथे सात पानं वाढायची ती तिथे दोनशे वाढायची, आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला वाकून नमस्कार करायचा.

मग ती निमित्त शोधू लागली. ताप म्हणावं तर सासूबाई कपाळाला हात लावून बघणार. पोटात दुखतंय म्हणावं तर ओव्याचा काढा पाजून गाडीत बसवणार. उरलं एकच, बाजूला बसणं. महिन्याच्या त्या तीन दिवसांत बाईने चुलीला शिवायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही, मंगलकार्यात तर पाऊलही टाकायचं नाही. आणि कोणी हात लावून खात्रीही करून घेणार नाही, कारण हात लावायचाच नसतो.

पण असं करावं का, या विचाराने तिची चार दिवस झोप उडाली. बाजूला असून लपवणं हे मोठं पाप, हे तिला लहानपणीच शिकवलेलं होतं. बाजूला नसताना बसणं पाप आहे की नाही, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. असं कोणी मुद्दाम करील हे कोणाच्या डोक्यातच आलं नसावं. शास्त्रात सापडलेल्या या फटीतून कालिंदी एकदा आत शिरे आणि घाबरून पुन्हा बाहेर येई.

मुंजीच्या दिवशी पहाटे तिने घोंगडी उचलली आणि दाराजवळच्या कोपऱ्यात टाकून तिच्यावर बसली. तोंडाने काही सांगावं लागत नाही, ही त्यातली मोठी सोय. सासूबाई दिवा घेऊन आल्या, घोंगडीकडे बघितलं आणि "आजच का गं" एवढंच म्हणाल्या. तिचा नवरा रमाकांत फोर्टातल्या एका पेढीवर कारकून होता. तो बिचारा लांबूनच हळहळला, तुझ्यासाठी पानात बांधून लाडू आणतो म्हणाला. त्याने तसं म्हणायला नको होतं असं तिला वाटलं. मंजुळा आईकडे झेपावली, तशी तिला दिराने उचललं, आणि ती जिन्यावरून खालपर्यंत रडत गेली. ते ऐकून कालिंदीला अगदी भडभडून आलं. ती उठून खरं सांगणारच होती, पण तोवर गाडी सुटली होती.

घर रिकामं झालं.

गंमत अशी की पहिला तासभर ती कोपऱ्यातून हललीच नाही. बघायला कोणी नव्हतं, तरी घोंगडीवर गुडघे जवळ घेऊन शहाण्यासारखी बसून राहिली. मग एक पाय जमिनीवर ठेवून बघितला. मग उठली, खोलीच्या मधोमध गेली आणि गार फरशीवर हातपाय पसरून उताणी पडली. या खोलीचं आढं तिने असं कधी बघितलंच नव्हतं. रस्त्यावरून ट्रामच्या घोड्यांच्या टापा येत होत्या. बाकी कोणी पाणी मागत नव्हतं, कोणी "कुठे आहेस" विचारत नव्हतं. ती इतकी सुखावली की तिला रडूच आलं, आणि रडून झाल्यावर डोळे पुसायची घाई नव्हती याचंही तिला अप्रूप वाटलं.

दुपारी शेजारच्या दमयंतीकाकू ठरल्याप्रमाणे जेवण घेऊन आल्या तेव्हा कालिंदी पुन्हा कोपऱ्यात होती. काकूंनी लांबून ताट ठेवलं, उन्हाळ्याला चार शिव्या घातल्या आणि गेल्या. भात गार, आमटी गार. सगळ्यांचं झाल्यावर जेवणाऱ्या बाईला गार अन्नाची सवय असते, पण त्या दिवशी कालिंदीला एकाएकी वाटलं, तव्यावरचं गरम थालीपीठ तव्यापाशी बसूनच खावं. लग्न झाल्यापासून हजार थालीपीठं थापली असतील, पण गरम एकही पोटात गेलं नव्हतं.

तिने ओट्यावरच्या हंड्यातून पाणी घेतलं, भाजणी भिजवली, चूल पेटवली. थालीपीठ थापून मधोमध भोक पाडलं आणि त्यात तेल सोडलं. खमंग वास सुटला. दार नुसतं लोटलेलं होतं, कारण चाळीत दिवसा कडी घालणाऱ्या बाईबद्दल लगेच बोललं जातं.

दार वाजलं आणि ती वळली. मधल्या दारात सासूबाई उभ्या होत्या. अंगावर मुंजीचं लुगडं, नाकात नथ, कपाळावर घाम. त्यांनी चुलीकडे बघितलं, तव्याकडे बघितलं, हंड्यावरच्या ओल्या तांब्याकडे बघितलं आणि मग सुनेकडे.

दोनच गोष्टी संभवत होत्या. एकतर तिने विटाळात चूल, पाणी, पीठ सगळं बाटवलं होतं, म्हणजे आता घर धुऊन काढायचं, सगळं पाणी ओतून द्यायचं आणि देवांपुढे नाक घासायचं. नाहीतर तिने घरादाराला फसवलं होतं. सासूबाईंनीही तेच विचारलं.

"खरं सांग. चूल बाटवलीस की मला फसवलंस?"

"फसवलं," कालिंदी म्हणाली.

"का?"

"मला एक दिवस एकटीला राहायचं होतं."

बोलताना तिला स्वतःलाच ते इतकं पोरकट वाटलं की तिने तोंडावर पदर घेतला. आता माहेरी निरोप जाणार, नवऱ्याला कळणार, चाळभर होणार, असं सगळं तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. सासूबाई उंबऱ्यावरच टेकल्या आणि नथ काढून हातात घेतली.

"उलट ते. करपतंय."

कालिंदीने थालीपीठ उलटलं. आता सगळी मंडळी येणार का, असं तिने चाचरत विचारलं. सासूबाई म्हणाल्या, ती रात्री येतील, मंजुळा तिथे पोरांत रमलीय. आपण एकट्या मात्र मुंज लागल्यावर निघालो. सून बाजूला बसलीय, तिला पाणी द्यायलाही घरात कोणी नाही, असं सांगून.

"पण दमयंतीकाकू होत्या ना," कालिंदी बोलून गेली.

"मला काय ते ठाऊक नव्हतं?"

कालिंदीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि वळून त्यांच्याकडे बघितलं.

"दादरपासून गाडीत एकटी बसून आले," सासूबाई म्हणाल्या. "कोणी काही मागितलं नाही. म्हटलं घरी तू असशील, पण कोपऱ्यात बसलेली बाई काय, असून नसल्यासारखी. तुला निदान महिन्याचा तो कोपरा तरी आहे. माझं बंद झालं तेव्हा सगळ्या म्हणाल्या, सुटलीस. कसली सुटले? तेव्हापासून एक दिवस बसलेली नाही मी."

हे त्या रागाने बोलल्या नाहीत, म्हणून कालिंदीला ते जास्त लागलं. इतकी वर्षं आपण महिन्याला तीन दिवस कोपऱ्यात बसून ज्या बाईच्या हातचं वरून वाढलेलं जेवलो, तिला कोण वाढतं, हा विचार तिला कधी शिवलाच नव्हता. तिने थालीपीठ ताटलीत काढलं, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि ताटली सासूबाईंपुढे सरकवली. त्यांनी बोटं भाजत ते तिथेच उंबऱ्यावर खाल्लं. दुसरं कालिंदीने खाल्लं.

मग सासूबाईंनी हात धुतले आणि निवाडा दिला. घराला जे दाखवलंस ते आता निभाव, पुरते तीन दिवस बसायचं. चौथ्या दिवशी न्हायचं. एवढं बोलून त्यांनी उशी घेतली, आतल्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "दिवेलागणीपर्यंत मला हाक मारू नकोस."

मधलं दार लागलं. ते दार दिवसा लागतं हेच कालिंदीला माहीत नव्हतं. ती बाहेरच्या खोलीत, सासूबाई आतल्या खोलीत, आणि दोघींची दुपार आपापली झाली.

रात्री मंडळी परतली तेव्हा कालिंदी घोंगडीवर होती आणि सासूबाई तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतत होत्या, थेंबही अंगावर उडू न देता. मामंजी म्हणाले, मुंज फार झकास झाली, तुम्हा दोघींची पंगत मात्र हुकली. सासूबाई म्हणाल्या, चालायचंच.

श्रावणात रघुवीररावांकडे सत्यनारायण होता. पुन्हा सगळं घर निघालं. मामंजी पगडी घालून तयार, मंजुळा नव्या परकरात. तेवढ्यात कालिंदी रमाकांतला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सासूबाईंची कंबर रात्रीपासून धरलीय. त्यांना आज येववणार नाही."

सासूबाई त्याच वेळी नळावरून भरलेला हंडा घेऊन आत येत होत्या. त्या दारातच थांबल्या. सुनेकडे बघितलं. मग हंडा सावकाश खाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवला.

मामंजी हळवे झाले, म्हणाले मी थांबतो मग. त्यांच्यापुढे कधी मान वर न करणारी कालिंदी म्हणाली, "नको मामंजी. त्यांना नुसतं पडू द्या. दमयंतीकाकूंनाही मी येऊ नका म्हणून सांगितलंय."

सगळे जिना उतरू लागले. कालिंदी मंजुळाला कडेवर घेऊन मागे रेंगाळली.

"भाजणी भिजवून ठेवलीय," ती हळूच म्हणाली. "लोणी शिंक्यात आहे."

आणि तिने बाहेरून दार ओढून घेतलं.