उजवीकडून सतरावा अंक

माझा स्वभाव तिखट आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. वहिनीला तर त्याचा चटका कितीदा बसलाय. त्या दुपारी छापखान्यात शिरले ती मी भांडायच्याच तयारीने.

बावन्न अंकी एका संख्येपायी मी आठ वर्षं घालवली होती. ती मूळ संख्या नाही, तिला भाजक आहेत, एवढं आधीच सिद्ध झालं होतं. ते भाजक कोणते, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. मला ते सापडले. एक तेवीस अंकी, दुसरा एकोणतीस अंकी, आणि दोन्ही मूळ. माझं सगळं पुस्तक त्या एका गुणाकारावर उभं होतं. आणि पुस्तक छपाईला जायच्या आदल्या दिवशी वहिनीचा निरोप: तुमचा मोठा आकडा चुकलाय.

वहिनी म्हणजे दादाची बायको. वीस वर्षं त्या छापखान्यात प्रुफं तपासते. शिक्षण दहावी. गणिताबद्दल तिच्याशी बोलावं, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"वहिनी, नवाची कसोटी मी तीनदा लावलीय," पर्स खांद्यावरून न काढताच मी सुरू केलं. "अंकांच्या बेरजा चोख जुळतात. तुमच्या लोकांनीच टाइप करताना घोळ घातला असेल."

"आधी बसा, प्रोफेसरबाई," ती म्हणाली. "दोन अंकांची अदलाबदल झाली, तर बेरीज तीच राहते ना? मग नवाला काय कळणार?"

हे मी दरवर्षी वर्गात शिकवते.

तिने आकड्याखाली पट्टी धरली. "लांब आकडा मी उजवीकडून वाचते. डावीकडून वाचलं की डोळा पुढचं स्वतःच ठरवून टाकतो. पहिला, तिसरा, पाचवा असे मिळवायचे. दुसरा, चौथा, सहावा वजा करायचे. मग अकराने भागून बाकी. आमच्या जुन्या कंपोझिटर काकांनी शिकवलं. का जमतं ते मला विचारू नका. तुमच्या दोन भाजकांच्या बाक्या आल्या चार आणि पाच. गुणाकार वीस, त्यातून अकरा गेले, राहिले नऊ. मोठ्या आकड्याचीही नऊच यायला हवी. येतायत सात."

मी गणिताची मूळ वही काढली. ती प्रुफातले अंक उजवीकडून वाचत गेली, मी वहीत बोट फिरवत गेले. सतराव्या जागी ती म्हणाली, "सहा." वहीत सात होते. अठराव्या जागी ती म्हणाली, "सात." वहीत सहा.

मग तिने माझं हस्तलिखित पुढे सरकवलं. त्यातही शहात्तरच होते, माझ्याच अक्षरात. उतरवताना मीच उलटे केले होते. कोणीही चिकाटीने गुणाकार करून पाहिला असता, तर माझ्या आठ वर्षांचं हसं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वहिनी, चुकले मी," मी म्हणाले. "मघाशी बोलले तेही चुकलं."

"आकडा सुधारा आधी," ती हसली.

आकडा सुधारून मी बाकीची प्रुफं चाळली. एका ओळीवर तिने काट मारली होती आणि मग स्वतःच मागे घेतली होती: खाली टिंबं, समासात 'राहू द्या'. त्याच्या पुढचं पान आभारांचं. त्यात माझे शिक्षक होते, ग्रंथपाल होते, संगणक दुरुस्त करणाराही होता. त्याच्या आडनावातली चूक वहिनीने सुधारली होती. तिचं स्वतःचं नाव त्या पानावर कुठेच नव्हतं, आणि तरी तिने ते शेवटपर्यंत नीट तपासलं होतं. माझे डोळे भरून आले.

मी सगळ्यात वर एक ओळ लिहिली: 'माझ्या वहिनीने उजवीकडून वाचलं नसतं, तर हे पुस्तक खोटं ठरलं असतं. मी तिची ऋणी आहे.'

तिने वाचलं आणि लाल पेनाने सरळ काट मारली. "घरच्या माणसाचे कसले आभार? काही तरीच तुमचं."

मी तिच्या हातातलं पेन घेतलं. काटेखाली एकेक टिंब दिलं आणि समासात लिहिलं, 'राहू द्या'.

वहिनीने ती ओळ पुन्हा वाचली, या खेपेला डावीकडून, आणि शेजारी बरोबरची खूण केली.