दुसरी सीडी

मित्रांनो, मी एक सीडी प्लेअर. जुना आहे हे वेगळं सांगायला नको. नवा कोणी पाहिलाय का? उधवा गावात सोनीबाईच्या घरी, टीव्हीच्या मागे, बियाण्याच्या डब्याला टेकून माझा मुक्काम असतो. पूर्वी माझ्या अंगावर भरतकामाचा रुमाल असायचा. आता धूळ असते. धूळ परवडली, पण सोनीबाईच्या लेकीच्या, भारतीच्या हातातला मोबाईल मला बघवत नाही. म्हणाल, म्हातारा जळतो. जळतोच!

मला चिमणने आणलं. चिमण म्हणजे सोनीबाईचा नवरा. पावसाळा सरला की तो वेरावळला मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचा आणि उन्हाळ्यात परतायचा. एका वर्षी निघण्याआधी त्याने तलासरीच्या बाजारातून गाण्यांचा एक पिक्चर आणला. त्याच्या सीडी दोन. गोष्ट एका नावाड्याची आणि त्याच्या मुलीची. पहिल्या सीडीच्या शेवटी नावाडी समुद्रात जातो. होडीतून तो गाण्याची एक ओळ म्हणतो, किनाऱ्यावरून मुलगी दुसरी म्हणते. चिमण गेल्यावर तो पिक्चर मी पहिल्यांदा दाखवला. शाळकरी भारती माझ्यासमोरून हलेना, पाड्यावरच्या पोरांनी दारात दाटी केली. काय माझा थाट होता!

पहिली सीडी संपली आणि नेमकी लाईट गेली. दुसऱ्या दिवशी भारती शाळेत गेली आणि सोनीबाईला राहवेना. तिने दार लोटलं आणि दुसरी सीडी लावली. त्यात नावाड्याची होडी उलटते. तो परत येतच नाही. घरचा माणूस समुद्रावर असताना घरात बुडण्याची गोष्ट काढायची नाही, ही सोनीबाईच्या सासूची शिकवण होती. सोनीबाईने सीडी काढली आणि थेट चुलीत घातली. घरभर घाण वास सुटला.

"दुसरी फुटली गं," तिने भारतीला सांगितलं. "पन मी पायलीय. बस, सांगते."

तिच्या गोष्टीत नावाडी मुलीला लाल रिबीन घेऊन परत यायचा. पुढे कितीतरी वर्षं, पहिली सीडी संपली की भारती माझ्याकडे पाठ करून आईसमोर बसायची. माझ्या जळण्याची सुरुवात तिथली, मित्रांनो. एवढं पाणी, एवढी गाणी मी दाखवायची आणि टाळी सोनीबाईला! पण खरा शेवट फक्त आम्हा दोघांना ठाऊक होता, आणि ते गुपित मी जिवापाड जपलं. माझं तोंड बटण दाबलं की उघडतं, तरी मी चकार शब्द काढला नाही.

चिमण दरवर्षी सुखरूप आला. आता त्याचे गुडघे गेलेत, तो घरीच शेळ्या बघतो. बोटीवर जातो तो भारतीचा नवरा, मिथुन. यंदा तो गेल्यावर भारती धाकट्या लेकीला, निलमला घेऊन माहेरी आली. दुपारी तिला मोबाईलवर काहीतरी सापडलं आणि ती ओरडलीच.

"आये, बग! आपला तोच पिक्चर! आख्खा हाय!"

निलमला मांडीवर घेऊन ती बघायला बसली. गाणं आलं, तशी तीही गाऊ लागली. आता तरी माझी आठवण काढेल म्हणून मी कान देऊन होतो. तर म्हणाली, "किती साफ दिसतंय! आपल्या सीडीत नुसत्या रेघा." माझा तिळपापड झाला.

नावाडी समुद्रात निघाला तोवर निलम झोपली होती. सोनीबाई घाईघाईने उठली. "पुरं आता. चल, चहा ठेवते."

"थांब गं, पुढचं तं मी कदी पायलंच नाय."

"मोबाईल तापंल."

तो कसला तापतोय! त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी इतकी वर्षं पोटात ठेवलं ते त्याने एका दुपारी ओकून टाकलं. होडी उलटली. मुलीने किनाऱ्यावरून आपली ओळ म्हटली आणि पलीकडून ओळ आलीच नाही.

भारती हळूच म्हणाली, "तुला म्हायत होतं?"

"तुजा बाबा बोटीवर होता ना तवा," सोनीबाई म्हणाली.

मिथुनची बोट आत, खोल समुद्रात गेली होती. तिथे फोन लागत नाही. इतक्यात मांडीवरची निलम डोळे चोळत उठली.

"आई, तिचा बाबा आला?"

भारतीने मोबाईल बंद केला आणि पालथा ठेवला.

"आला ना," ती म्हणाली. "तिला लाल रिबीन घेऊन आला."

सोनीबाई सरकून तिच्याजवळ बसली. मोबाईल पालथा पडला म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. आमच्या दोघांच्या गुपितात आता भारतीही आली होती, आणि तिघींचीही माझ्याकडे पाठ होती.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. ते राहू द्या. एखाद्या पोराने गोष्टीतला बाबा आला का असं विचारलं, तर उत्तर देण्याआधी त्याचा स्वतःचा बाबा कुठे आहे ते बघा.