कुसुमताईंचे हायसिंथ

वाघोलीला लेकीकडे दोन दिवस राहून कुसुमताई केतकर कसबा पेठेतल्या आपल्या फ्लॅटवर परतल्या, तेव्हा आतल्या खोलीच्या खिडकीत हायसिंथच्या फुलांच्या चारही बरण्या नव्हत्या. जागेवर पाण्याचे चार गोल डाग तेवढे होते.

त्यांनी बाल्कनी पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं. त्यांचे यजमान दीनानाथराव घरात नव्हते आणि फोन उचलत नव्हते.

शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काम करून कुसुमताई निवृत्त झाल्या होत्या. ऑक्टोबरात त्यांनी चार कंद मागवले. पुण्याची थंडी हायसिंथला पुरत नाही, म्हणून ते कागदी पिशवीत घालून दहा आठवडे फ्रीजमध्ये ठेवावे लागतात. शेजारी सफरचंद आलं तर आतली कळी जळते, म्हणून घरात सफरचंद बंद. दीनानाथरावांनी यावर दहाही आठवडे कुरकुर केली. "आमच्याकडे कांदे शोभेला असतात," असं ते आल्यागेल्याला सांगत. कंद हाताळले की कुसुमताईंच्या बोटांना खाज सुटे, ती त्या खोबरेल लावून सहन करत. डिसेंबरअखेर त्यांनी प्रत्येक कंद पाणी भरलेल्या बरणीच्या तोंडावर बसवला आणि मुळं उतरेपर्यंत अंधाऱ्या कपाटात ठेवला. पुढे रोज पहाटे बरण्या खिडकीत, दुपारचं ऊन तापायच्या आत त्या परत सावलीत. संक्रांत झाली आणि चारही निळेभोर फुलले.

दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या कौशल्याबाई होत्या.

"अभिनंदन हो! दीनानाथरावांना पहिलं बक्षीस! मला कळलंच नाही, ते इतकं बागकाम करतात."

"कोण करतं?"

"ज्येष्ठ नागरिक संघाची स्पर्धा नाही का, 'घरातली बाग'? आत्ता बक्षीस समारंभ चालू आहे. मी गुडघ्यामुळे लवकर आले."

कुसुमताईंनी पायात चपला सरकवल्या. हॉल दोन गल्ल्या पलीकडे होता. तिथवर जाताना त्यांना राग चढतच गेला. न विचारता नेल्याचा होता, पण त्याहून 'करतात' या शब्दाचा जास्त होता.

त्या दारात पोचल्या तेव्हा दीनानाथराव माइकसमोर उभे होते, खांद्यावर शाल. टेबलावर चार बरण्या. एका फुलाचा देठ मोडून लोंबत होता.

"विदेशी फूल आहे," ते सांगत होते, "पण मी म्हटलं, पुण्यात का नाही फुलणार? मेहनत घ्यावी लागते. मी रोज—"

"फ्रीजमध्ये किती आठवडे ठेवले होते?" कुसुमताईंनी दारातूनच विचारलं.

सगळ्या माना मागे वळल्या. दीनानाथरावांचा चेहरा पडला.

"अगं, तू कधी आलीस?"

"मी विचारलं, किती आठवडे?"

"असतील दोन-तीन..."

"दहा. सफरचंदाच्या नावाने दहा आठवडे बोंबलत होतात, तेवढेसुद्धा मोजता आले नाहीत?"

कुणीतरी हसलं. संघाचे अध्यक्ष अनंतराव घाईघाईने पुढे आले. "वहिनी, बसा ना. नवरा-बायको म्हणजे एकच की हो!"

"एकच असतील तर प्रमाणपत्रावर माझं नाव घाला. ह्यांची हरकत असायचं कारण नाही."

कुसुमताई टेबलापाशी गेल्या. मोडलेला देठ त्यांनी बोटांत धरून पाहिला. एवढ्या लोकांत डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं आणि ते येऊ दिलं नाही. टेबलाखालचं खोकं ओढून त्यांनी एकेक बरणी आत ठेवली.

"कुसुम, घरी बोलू. चारचौघांत शोभतं का हे?" दीनानाथराव हळूच म्हणाले.

"चारचौघांत खोटं बोलायला शोभलं?"

खोकं पोटाशी धरून त्या बाहेर पडल्या.

घरी आठवडाभर जेवण वेळेवर होत होतं, बोलणं मात्र बंद. फुलं सुकली. आठव्या दिवशी ताट पुढे घेऊन दीनानाथराव म्हणाले, "चुकलं माझं. अर्ज भरताना तुझंच नाव लिहीत होतो. मग वाटलं, निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारतच नाही. पहिल्यांदा कुणीतरी विचारलं..."

"वाईट वाटतं ऐकून," कुसुमताई म्हणाल्या. त्यांना खरंच वाटलं होतं. "पण खोटं माइकवर बोललात. माफी आमटीवर मागू नका."

संघाच्या फेब्रुवारीच्या सभेत दीनानाथराव उभे राहिले. शाल आणि प्रमाणपत्र त्यांनी टेबलावर ठेवलं.

"ती फुलं माझ्या बायकोने वाढवली होती. मी एकदाही पाणी बदललं नव्हतं."

"ऐकू येत नाही!" मागून एक आजोबा ओरडले.

दीनानाथरावांनी माइक जवळ ओढला आणि तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने म्हटलं. त्यांचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या रांगेत बसलेल्या कुसुमताई त्यांच्याकडे एकटक पाहत होत्या. शेजारच्या कौशल्याबाईंनी कोपराने ढोसलं. "आता तरी गेला ना राग?"

"अर्धा," कुसुमताई म्हणाल्या. "उरलेला जाईल तेव्हा जाईल."

सभा संपल्यावर मात्र त्या हॉलच्या जिन्यात थांबल्या, आणि दोघं एकत्र घरी चालत गेली.